मधल्या वेळेतली रंगभूमी

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

फिलिपिन्सचं बोडाबिल म्हणजे अमेरिकन व्होडव्हिलची, म्हणजे नाच, गाणी, विनोद, कसरती अशा सुट्या प्रवेशांच्या रंगमंचावरच्या खेळाची नक्कल, असं तू लिहिलंस. उगम अमेरिकन आहे, त्यात वाद नाही. पण तेवढ्यावर विषय मिटवू नकोस. नावच बघ ना. तिथल्या तागालोग भाषा बोलणाऱ्या जिभेवर ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून बोडाबिल!

सुरुवातीला त्याच्या वाट्याला अख्खी संध्याकाळसुद्धा नव्हती. मनिलात स्पॅनिश काळापासून सारसुएला रुजलेली, म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखं गाणी आणि संवाद असलेलं नाटक. तिच्या दोन अंकांमध्ये प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून नाचगाणी घालायचे. पुढे तीच नाचगाणी सिनेमाच्या दोन खेळांमध्ये आली. केटी दे ला क्रूझ (जन्म १९०७) लहानपणी अशाच मधल्या वेळेत गात गात मोठी झाली आणि बोडाबिलची राणी ठरली. १९२१ मध्ये सेबू बेटावरचा लुईस बोरोमेओ अमेरिकेहून परतला. ‘बोरोमेओ लू’ या नावानं त्यानं जॅझचा वाद्यवृंद आणि स्वतःची मंडळी उभी केली, तेव्हा कुठे या प्रकाराला स्वतःचा रंगमंच मिळाला.

आता खेळाची बांधणी. वाद्यवृंद, नाचणाऱ्या मुलींचा ताफा, गायिका, विनोदी जोडी, जादूगार किंवा कसरतपटू आणि एखादी नाटिका. प्रत्येक तुकडा सुटा, एक गळला तरी खेळ अडत नाही. खरी कसोटी क्रम लावण्यात. पूर्ण रंगमंच लागणाऱ्या नाचानंतर पुढच्या पडद्यासमोर एकदोघांचाच प्रवेश ठेवायचा, तेवढ्यात मागे नेपथ्य बदलतं. पुढचा प्रवेश लवकर आटोपला तर पडदा अर्धवट मांडणीवर उघडतो, नाहीतर मागची ठोकाठोक प्रेक्षकांना ऐकू येते. म्हणून विनोदी जोडीजवळ हवा तेवढा ताणता येईल असा मजकूर लागतो. मला वाटतं, नक्कल संपते ती इथेच. गाणं इंग्रजी तबकडीवरून उचलता येतं, पण समोरच्या मनिलाकरांना आणखी दोन मिनिटं हसवत ठेवायचं तर त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच गल्लीतलं बोलावं लागतं.

जानेवारी १९४२ मध्ये जपान्यांनी मनिला घेतलं. नवे अमेरिकन सिनेमे येईनात, देशी चित्रपटनिर्मितीही जवळजवळ थांबली. मोठमोठी चित्रपटगृहं नाटकगृहं झाली आणि पडद्यावरचे नट रंगमंचावर आले. पुगो आणि तोगो ही विनोदी जोडी याच काळात गाजली. जपानी सैनिकांचं सोंग घेऊन ते यायचे, दोन्ही हातांवर घड्याळंच घड्याळं! सैनिक लोकांच्या मनगटावरची घड्याळं हिसकावतात, हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. संहितेतली वाक्यं खोडता येतात गं, पण हातावरची घड्याळं कोण खोडणार? त्यापायी दोघांना काही काळ तुरुंगात जावं लागलं. बोडाबिलला उथळ म्हणणाऱ्यांना मी हा प्रवेश आधी सांगेन.

युद्धानंतर क्लोव्हर थिएटर आणि मनिला ग्रँड ऑपेरा हाउसमध्ये पुन्हा गर्दी झाली. १९५३ मध्ये दूरचित्रवाणी आली आणि साठच्या दशकात रंगमंच ओस पडत गेला. काही ठिकाणी तर अंगप्रदर्शनावर खेळ चालवायची वेळ आली, ते फार वाईट झालं. पण माणसं आणि त्यांची हातोटी टिकली. डॉल्फी हा विनोदसम्राट युद्धकाळात बोडाबिलच्या ताफ्यात नाचत होता. तिथून तो सिनेमात आणि दूरचित्रवाणीवर गेला.

१९७९ पासून चालत आलेला ‘ईट बुलागा’ हा दुपारचा कार्यक्रम एकदा लावून बघ. भाषा नाही कळली तरी चालेल. दोन नाचांच्या मध्ये निवेदक पुढे येऊन प्रेक्षकांशी गप्पा लांबवू लागले की मागे काय चाललं असेल, ते तुला बरोबर कळेल.

तुझी,
शैला