नुसत्या बाणाचा फोटो काय कामाचा?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कामिनो दे सान्तियागोवरचा, म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागो शहरापर्यंतच्या पायी यात्रेवरचा लेख वाचला, लेख छानच आहे, पण त्यासोबतचे सहाच्या सहा फोटो म्हणजे नुसते वाट दाखवणारे पिवळे बाण, एकदम जवळून घेतलेले, बाण आणि मागे वीतभर दगड, बस. मी दोन वर्षांपूर्वी वाटेवरच्या लेओन शहरापासून सान्तियागोपर्यंत, साधारण 300 किमी चाललोय आणि हीच चूक मीपण केली म्हणून लिहायला बसलो. परत आल्यावर मोबाईलमध्ये चारशेच्या वर बाण निघाले आणि कुठला कुठे काढला ते माझं मलाच सांगता येईना, कारण बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवलेलं.

अहो बाण असतो कशासाठी, तर या फाट्यावर डावीकडे वळ हे सांगायला. आता फाटाच फोटोत नसेल तर तो बाण काय सांगणार? चार पावलं मागे सरकून काढलेले माझे जे वीस-पंचवीस फोटो आहेत ना, तेच आज बघावेसे वाटतात, म्हणजे गोठ्याच्या भिंतीवरचा बाण, विजेच्या खांबावरचा, आणि एका ठिकाणी जुना फिकट बाण तसाच ठेवून त्याच्यावर कुणीतरी नवा ओढलाय, दोघांची तोंडं थोडी वेगवेगळ्या बाजूला.

आणि हे बाण काही फार पुरातन वगैरे नाहीत, लेखात तसं वाटतं. यात्रा हजारेक वर्षांची खरी, पण पिवळे बाण 1984 चे. ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी रस्त्याच्या कामातून उरलेला पिवळा रंग घेतला आणि गाडी काढून गावोगाव स्वतः बाण रंगवत फिरले. ओ सेब्रेइरोच्या चर्चजवळ त्यांचा अर्धपुतळा आहे, त्याचा एक फोटो लेखात हवा होता असं मला वाटतं.

उजेडाचंही सांगतो. ही वाट पूर्वेकडून पश्चिमेला जाते, खुणा आपल्याकडे तोंड करून असतात, त्यामुळे सकाळचं ऊन बरोब्बर दगडावर पडतं, फक्त आपली सावलीपण लांबच्या लांब पुढे पडते आणि नेमकी बाणावर, तेव्हा जरा बाजूला उभं राहायचं. दुपारनंतर मात्र सूर्य समोर, दगड काळाकुट्ट. मी दुपारी काढलेले जवळजवळ सगळे वाया गेले.

गालिसियात, म्हणजे सान्तियागो ज्या प्रांतात आहे तिथे शिरलं की अंतर लिहिलेले दगड सुरू होतात, वर या यात्रेची खूण असलेला शिंपला, खाली बाण आणि किलोमीटरचा आकडा, तोही तीन दशांश स्थळांपर्यंत. स्पेनमध्ये दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात त्यामुळे सारिया गावाच्या पुढे ज्या दगडावर 100,000 लिहिलंय तो बघून मी क्षणभर एक लाख किलोमीटर वाचलं, पाय दुखत होतेच! पायी जाणाऱ्याला कोम्पोस्तेला म्हणजे ते प्रमाणपत्र मिळायला किमान 100 किमी चालत सान्तियागोला पोचावं लागतं म्हणून या दगडाला फार भाव, फोटोला लाइन लागते. पण दगडावर मार्करने नावं, बदाम, तारखा इतकं काय काय लिहून ठेवलंय की शिंपला शोधावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या कित्येक दगडांवरच्या आकड्याच्या पाट्याच लोकांनी आठवण म्हणून उचकटून नेल्यात, तिथे नुसता खड्डा. मी त्या खड्ड्यांचेही फोटो काढलेत, ते छापणार असाल तर पाठवतो, फुकट.

शेवटी एक दुरुस्ती, ही मात्र नक्की छापा. तिसऱ्या फोटोखाली 'शिंपल्याची पसरट बाजू जिकडे, तिकडे वाट' असं दिलंय. सगळीकडे तसं नाही. आस्तुरियास प्रांतात बरोबर उलटं असतं, शिंपल्याच्या रेघा जिथे एकत्र येतात ती निमुळती बाजू वाट दाखवते, आणि ओव्हिएदोहून निघणारा कामिनो प्रिमितिवो हा यात्रेचा दुसरा मार्ग आस्तुरियासमधून गालिसियात जातो, म्हणजे एकाच वाटेवर मध्येच नियम बदलतो. गालिसियात शिंपल्याच्या नादी न लागता खालचा बाण बघावा. तुमचं कात्रण खिशात घालून कुणी तिकडे गेला तर पहिल्याच फाट्यावर चुकायचा.

आपला,
एक नियमित वाचक