बाबांचा पंप आणि तुझं कर्ज

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन झाल्यावर बाबा जेवले नाहीत. "मले काय हौस हाय का दम्याची?" एवढंच म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले. फोन स्पीकरवर होता हे तुला सांगायचं राहून गेलं, ती चूक माझी. पण "ते पंप घेतच नसतील, नाहीतर स्टिरॉइड लागू कसं पडत नाही" हे बोलणं तुझं. शिवाय महागाच्या इंजेक्शनासाठी कर्ज काढतो म्हणालास. त्या सगळ्याचं उत्तर फोनवर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. अठ्ठावीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेली बाई आहे, जरा लांबेल.

आधी तुझ्या बाजूचं. तुझी शंका अगदीच चुकीची नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनीही पहिल्या दिवशी तीच घेतली. औषध लागत नाही म्हणणाऱ्या पुष्कळ जणांचं औषध मुळात फुफ्फुसात पोचतच नाही, म्हणाले. बाबांना समोर बसवून कॅप्सूलचं मशीन ओढायला लावलं. काय निघालं माहीत आहे? ओढायच्या आधी हे मशीनमध्येच फुंकर मारायचे, बासरी वाजवल्यासारखी. पावडर ओली व्हायची, अर्धी उडून जायची. दोन वर्षं आपण सगळे त्यांच्या शेजारी बसून हे बघत होतो आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पंप दिला, सोबत स्पेसर दिला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधे लावायची पोकळ नळी. पंपाच्या पाठीवर आकडा असतो, तो मी रोज रात्री कॅलेंडरवर लिहिते. मृग गेला, पोळा गेला, एकही दिवस चुकला नाही. तरी धाप आहेच. तेव्हा तुझा मुद्दा तिथे संपला.

मग त्यांचा बेडका तपासायला घेतला. इथून खरी गोष्ट सुरू होते.

दमा म्हणजे श्वासनळ्यांची सूज, हे तुला माहीत आहे. पण सूज आणणाऱ्या पेशी सगळ्यांच्या सारख्या नसतात. बऱ्याच जणांत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात. इओसिन हा रंग घातला की सूक्ष्मदर्शकाखाली लालसर दिसतात, म्हणून ते नाव. स्टिरॉइड यांना मारतं. बाबांच्या बेडक्यात त्या जवळपास नाहीतच. आहेत त्या न्यूट्रोफिल, दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी. आणि गंमत बघ (गंमत कसली म्हणा), न्यूट्रोफिल स्टिरॉइडनं मरत नाहीत, उलट जास्त दिवस जगतात.

हे आजचं नाही. १९५०चं नोबेल कॉर्टिझोन या स्टिरॉइडच्या कामाला मिळालं, लोकांना वाटलं रामबाण सापडला. पण १९५६ साली ब्रिटनमधल्या एका चाचणीत जुनाट दम्यावर कॉर्टिझोनचा म्हणावा तसा टिकाऊ लाभ दिसला नाही. मग १९५८ साली हॅरी मॉरो ब्राउन या तिथल्याच डॉक्टरांनी रोग्यांचे बेडके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ज्यांच्यात इओसिनोफिल होते त्यांना स्टिरॉइडच्या गोळीनं आराम पडत होता, ज्यांच्यात नव्हते त्यांना नाही. सगळ्यांची सरासरी काढली की ते दिसत नव्हतं. आपल्या पीकविम्यासारखंच. महसूल मंडळात पाऊस पुरेसा झाला म्हणतात, आणि आपल्या वावरात भेगा.

स्टिरॉइड लागू न पडण्याचं दुसरं कारण थोडं अवघड आहे. सुताचं उदाहरण देते. पेशीच्या केंद्रकात जनुकांचा धागा रिळावर गुंडाळलेला असतो. सूज वाढवायची तेव्हा त्या जागचा धागा सैल होतो आणि जनुक वाचलं जातं. स्टिरॉइड आत जाऊन काय करतं, तर धागा परत घट्ट करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) तिथे बोलावून आणतं. त्या विकराचं नाव एचडॅक-२. धुरानं हे विकर दुबळं होतं. म्हणजे निरोप घेऊन जाणारा दारात पोचला, पण गुंडाळणाराच अंथरुणाला खिळलेला. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या दमेकऱ्यांना स्टिरॉइड कमी लागू पडतं, त्याचं हे एक मोठं कारण मानतात.

बाबांनी बिडी सोडली त्याला नऊ वर्षं झाली, ते तू म्हणशीलच. पण त्याआधीची तीस वर्षं आहेत. कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर काढलेले बावीस हंगाम आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत तो गर्दा. घरी आले की भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या, तू लहानपणी हसायचास. त्या गर्द्यात जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते न्यूट्रोफिलनाच बोलावतं. बाबांचा दमा त्यानंच झाला असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. पण त्यांनी विचारलं, सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळायची का? बाबा माझ्याकडे बघायला लागले. कारण सोमवारी रात्री ओवा-मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची, हे आपल्या घरचं ठरलेलंच काम होतं.

आणि एक माझं. गॅस आला तरी आंघोळीचं पाणी मी परवापर्यंत मागच्या चुलीवर कापसाच्या पऱ्हाट्या जाळून तापवत होते. सकाळी सहाला सगळा धूर त्यांच्या खिडकीत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे गॅस आहे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. पुढच्या खेपेला सांगून टाकलं.

आता "बंदच करून टाका ते स्टिरॉइड" या तुझ्या वाक्याचं. तसं करायचं नाही. मागच्या हिवाळ्यात धाप लागली की इथे जवळच्याच दवाखान्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि गोळ्या, असं किती वेळा झालं. चेहरा भाकरीसारखा फुगला, साखर वाढली. बाहेरून इतकं स्टिरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं सोडून देतात. गोळी एकदम थांबवली तर माणूस कोसळू शकतो. म्हणून डॉक्टर ती पायरीपायरीनं उतरवताहेत. पंप चालू राहणार, कारण कमी लागू पडणं म्हणजे अजिबात न पडणं नव्हे. जोडीला नळ्या मोकळ्या ठेवणारं आणखी एक औषध, आणि आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन. आहे ते अँटिबायोटिक, पण इथे जंतूंसाठी नाही, दम्याचे झटके कमी व्हावेत म्हणून. त्याआधी ईसीजी काढला, बेडक्यात टीबी नाही ना तेही पाहिलं. डॉक्टर म्हणाले, इतका हट्टी दमा शंभर दमेकऱ्यांत पाच-दहा जणांचाच असतो, तेव्हा घाई करायची नाही.

तर आता कर्जाचं. तुझ्या मित्राच्या आईला त्या महागाच्या इंजेक्शननं गुण आला, चांगलंच झालं. मेपोलिझुमॅब म्हणालास ना? मी डॉक्टरांना नाव वाचून दाखवलं. ते इंटरल्युकिन-५ अडवतं, म्हणजे इओसिनोफिलची रसद तोडतं. त्या बाईंच्या रक्तात त्या भरपूर असणार. बाबांच्यात त्या नाहीतच, मग रसद कोणाची तोडायची? दुसरी इंजेक्शनंही आहेत, पुढे गरज वाटली तर बघू म्हणाले. आज त्यासाठी कर्ज काढू नकोस आणि वावराचा विषय तर काढूच नकोस. बाबांनी तेही ऐकलं आहे.

पैसे पाठवायचेच असतील तर एक गीझर पाठव. चूल मी कालच मोडली, दोन दिवस गॅसवर पाणी तापवते आहे आणि सिलिंडर असा किती पुरणार. लहानच घे. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, पण सकाळी पाचला बरं असतं. पऱ्हाट्या शेजारच्यांना देऊन टाकल्या, आणि आता त्यांचा धूर येतो, त्याचं काय करायचं ते बघते आहे.

फोन कर. पंपाचं मला विचार. त्यांना तुरीचं विचार, यंदा फुलोरा चांगला आहे.

तुझी,
आई