त्साओ त्साओचे सैन्य खात काय होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चिनी ऐतिहासिक मालिकांविषयी आपल्याकडे हल्ली बरेच लिहिले जाते. हान साम्राज्य मोडकळीस आले असताना वर आलेला सरदार त्साओ त्साओ (इ.स. 155–220) याच्या यशाचे श्रेय मात्र दर वेळी त्याच्या कपटाला आणि घोडदळाला जाते. पडद्यावर तेवढेच दिसते, त्याला कोण काय करणार! (घोडदळ दिसते तेही रिकिबीत पाय रोवून. चीनमध्ये जोड-रिकिबीचा ठोस पुरावा चौथ्या शतकातला आहे, पण ते जाऊ द्या.) त्या काळाचा इतिहासकार चेन शौ याचा ग्रंथ आणि त्यावरची नंतरच्या पेइ सोंगझीची टिपणे वाचली की कळते, हा माणूस तरला तो धान्यावर.

192 मध्ये छिंगचौ प्रांतातले बंडखोर त्याला शरण आले. नोंद तीन लाखांवर शिपायांची, शिवाय दहा लाखांवर बायापुरुषांची. आकडा फुगवलेला धरला तरी एवढ्या तोंडांत घालायचे काय? दोनच वर्षांत टोळधाड आली आणि ल्यू बू या प्रतिस्पर्धी सरदाराशी चाललेली लढाई शिधा संपल्याने थांबली. त्या काळात उत्तरेत युआन शाओ या दुसऱ्या सरदाराचे शिपाई तुतीची फळे खाऊन दिवस काढत होते, दक्षिणेत युआन शू या तिसऱ्याचे शिपाई नदीतल्या गोगलगायी.

196 मध्ये त्याने सम्राटाला श्यू शहरी आणले. हा प्रसंग मालिकांत थाटात येतो. त्याच वर्षी झाओ झी आणि हान हाओ या त्याच्या अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने तिथे ‘तुनथ्येन’ (सरकारी जमिनीवर माणसे बसवून करायची शेती) सुरू झाले, ते मात्र गाळले जाते. पळून गेलेल्यांची पडीक जमीन सरकारने घेतली, पराभूत बंडखोरांची मालमत्ता हाताशी होतीच, आणि कसायला विस्थापित माणसे बसवली.

घोडे अडले शेतसाऱ्यावर. पहिला बेत असा की भाड्याने दिलेल्या बैलामागे ठरीव धान्य घ्यायचे. झाओ झी अडून बसला. पीक भरघोस आले तर सरकारला दाणाही जास्त मिळणार नाही. पूर आला, पाऊस हुकला तर सूट मात्र द्यावी लागेल. त्साओ त्साओला ते आधी पटले नाही. त्याने झाओ झीला आपला सल्लागार शुन यू याच्याकडे चर्चेला पाठवले, तिथेही विरोध झाला. अखेर वाट्याची पद्धत मान्य झाली, आपल्याकडच्या बटाईसारखी. पुढच्या नोंदींतला दर असा: बैल सरकारी असेल तर दहातले सहा वाटे सरकारला, स्वतःचा असेल तर निम्मे-निम्मे.

पहिल्याच वर्षी श्यूच्या आसपास दहा लाख हू धान्य जमले. एक हू म्हणजे साधारण 20 लिटर. त्याआधी अडीच शतके, पश्चिम सरहद्दीवरच्या एका हान सेनापतीने 10,281 माणसांना महिन्याला 27,363 हू धान्य मागितले होते. माणशी सुमारे 2.66 हू. त्या मापाने दहा लाख हूवर 31 हजार शिपाई वर्षभर जेवतात.

सगळे सुरळीत झाले असे नाही. सक्तीने बसवलेली कुळे पळू लागली, तेव्हा युआन ह्वान या अधिकाऱ्याने सांगितले की राजी असतील त्यांनाच घ्या, नसतील त्यांना ओढू नका. ते मानले गेले.

युआन शाओशी झालेल्या ग्वानदूच्या लढाईत (200) त्याची वूचाओची धान्यकोठारे पेटतात, तो प्रसंग कुठलीच मालिका सोडत नाही. पण तेव्हा त्साओ त्साओकडेही जेमतेम महिन्याचाच शिधा उरला होता, कारण कोठार भरणे वेगळे आणि ते छावणीपर्यंत पोचवणे वेगळे. शत्रू वाटेत रसद तोडत होता. त्यावर त्साओ त्साओचा रसद-अधिकारी रन जुन याने हजार-हजार गाड्यांचे तांडे केले, दहा रांगा शेजारी-शेजारी हाकल्या आणि भोवती पहाऱ्याची दुहेरी फळी लावली. कॅमेऱ्याला याहून काय हवे?

आपला,
एक वाचक