पडद्यावरचे धडे थांबू नयेत म्हणून : माजी विद्यार्थी मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा परिषद शाळेत मोठा टीव्ही ज्यांच्यामुळे लागला, त्यांचा उल्लेख आधी व्हायलाच हवा. कापसाचे भाव पडलेल्या वर्षी, अर्ध्या गावाची उधारी थकलेली असतानाही बाजारओळीतल्या किराणा दुकानदार काकांनी रोख रक्कम मोजून दिली. पुण्यात नोकरीला असलेल्या सातवीच्या जुन्या तुकडीने लॅपटॉप पाठवला. आणि बचत गटाच्या ताईंनी पापड-कुरड्या विकून टीव्हीला लोखंडी कपाट करून दिले, ज्याची किल्ली आजही त्यांच्याच कनवटीला असते.

शाळेत मोबाइलला रेंज मिळते ती फक्त कडुनिंबाखाली. त्यामुळे गुरुजी रात्री घरी इस्रोच्या ‘भुवन’वर नकाशा उघडतात, विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबून हवा तेवढाच भाग टिपतात, त्यावर लाल बाण काढतात आणि पेन ड्राइव्हवर घालून सकाळी वर्गात आणतात. लोणार सरोवराचा गोल काठ आणि वर्धा-वैनगंगेच्या संगमातून निघणारी प्राणहिता मुलांनी अशीच पाहिली. आपल्या गावचा नाला पडद्यावर आला, तेव्हा पाचवीतली एक मुलगी उठून ‘हे आमचं वावर होय!’ म्हणाली, आणि तो तास भूगोलाचा असूनही कोणी घंटेकडे पाहिले नाही.

भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’ या गणिताच्या सॉफ्टवेअरमधली हलती आकृती ‘ओबीएस स्टुडिओ’ या पडदा चित्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरने टिपली जाते. सॉफ्टवेअरला पैसा लागत नाही. घात करते ती वीज. लॅपटॉपची बॅटरी संपुष्टात आल्याने वीज जाताच तो बंद पडतो, आणि एमपी४ या प्रकारच्या फाइलमध्ये चाललेले चित्रण पुन्हा उघडतच नाही. एमकेव्ही हा दुसरा फाइल-प्रकार निवडल्यापासून वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो, पण अर्ध्या धड्याने मुलांचे काय भागणार? शिवाय चित्रणात गुरुजींपेक्षा कूलरच जास्त ऐकू येतो.

गेल्या वर्षी हेच आवाहन ग्रुपवर टाकले होते. वाचले सर्वांनी, उत्तर दिले दोघांनी. त्याच आठवड्यात डीजेची वर्गणी मात्र दोन संध्याकाळींत जमली. तक्रार नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

इन्व्हर्टर, लॅपटॉपची बॅटरी, कॉलर माइक व दोन पेन ड्राइव्ह मिळून अंदाजे २६,००० रुपये लागतील. रक्कम तान्ह्या पोळ्याच्या आत कोषाध्यक्षांकडे सायंकाळी ७ नंतर द्यावी (बाजाराचा दिवस सोडून), पावती अवश्य घ्यावी. चालू स्थितीतला जुना लॅपटॉपही चालेल. पैसे शक्य नसल्यास घरबसल्या चित्रे टिपून द्यावीत. मात्र नकाशावरचे श्रेयाचे शब्द (नकाशा कोणाचा ते सांगणारे) कापू नयेत आणि चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर अक्षरे पुसट होतात. चित्रण करण्यापूर्वी मोबाइल-लॅपटॉपवरील सूचना (नोटिफिकेशन) बंद कराव्यात, कारण मागे अपूर्णांकांच्या ऐन धड्यात ‘येताना सांबार आणजा’ हा घरचा निरोप पडद्यावर झळकला आणि वर्ग पुढे आवरला नाही.

आपला नम्र,
सचिव, माजी विद्यार्थी मंडळ