चार वारांचा घेर

मँचेस्टर

प्रिय सुलू,

मी स्वतः शिवलेल्या, १८६२ च्या धर्तीच्या इंग्रजी झग्यातला माझा फोटो बघून तू लगेच विचारलंस, "अगं, आतल्या त्या आवळलेल्या चोळीत, कॉर्सेटमध्ये, श्वास तरी घेता येतो का?" येतो ग, चांगला येतो! सिनेमात दोऱ्या आवळून नायिकेला घेरी आणतात, ते डोक्यातून काढून टाक. आपल्याच मापाचं शिवलेलं कॉर्सेट पाठीला आधार देतं आणि परकर-झग्यांच्या नाड्या कमरेत रुतू देत नाही. फक्त बूट आधी घालायचे, नंतर वाकणं जमत नाही.

घेराच्या आत पोलादी कड्यांचा पिंजरा आहे. १८५६ साली तो आला आणि एकावर एक जाड परकर चढवण्यातून बायका सुटल्या. वजनाला हलका, पाय आत अगदी मोकळे.

पण खरी गंमत कमरेच्या चुण्यांत आहे. चार वारांचा घेर सत्तावीस इंचांत बसवायचा. वरच्या काठाला धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायच्या, दुसऱ्या ओळीतला प्रत्येक टाका वरच्या टाक्याच्या बरोबर खाली. दोरे ओढले की कापड बारीक उभ्या नळ्यांत गोळा होतं. मग एकेक नळी हाताने कमरपट्टीला टाचायची. शिलाई मशीन त्या काळी आलं होतं, लांब शिवणी मी त्यावरच मारल्या, पण इथे हातच लागतो. आतल्या शिवणीत भरपूर माया ठेवायची, म्हणजे अंग भरलं की उसवून सैल करता येतं. कापड महाग आणि शिवणारणीची मजुरी कवडीमोल, असा तो काळ. १८६३ च्या जूनमध्ये लंडनला मेरी ॲन वॉकली नावाची वीस वर्षांची मुलगी सलग साडेसव्वीस तास बड्या घरच्या बायकांचे झगे शिवून मेली. चुण्या टाचताना ती हटकून आठवते, आणि राग येतो.

मी रेशमी झगा न करता १८६२ चा साधा छापील सुती केला, तो आपल्या वऱ्हाडामुळे. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, इथल्या लँकेशायरच्या सूतगिरण्या थंडावल्या, घरोघरी उपासमार. तेव्हा हिंदुस्थानचा कापूस इकडे आला, त्यात आपल्या काळ्या मातीतलाही. आखूड धाग्याचा, यंत्रावर सारखा तुटायचा, म्हणून इथले कामगार वैतागायचे. आणि वऱ्हाडात भाव मात्र कडाडले होते! हा झगा घालून मी मँचेस्टरजवळची क्वॉरी बँक ही १७८४ ची सूतगिरणी बघून आले. जुन्या यंत्रांच्या त्या खडखडाटात उभी होते आणि मनात सारखी तुझ्या आजोबांची कापसाची शेती येत होती.

उन्हाळ्यात येते आहेस ना? मग तुझाही एक शिवणार, नाही म्हणायचं नाही. छाती, कंबर, मानेपासून कमरेपर्यंत पाठीची उंची आणि मुंढा, एवढी मापं पाठव. पोट आत ओढून घेऊ नकोस. आणि येताना आतल्या शेमीजसाठी सहा मीटर पांढरी मऊ खादी आण, इथे तशी मिळत नाही.

तुझी,
मंदा