आई-बाबांना पत्र: आधी तोंडाची तपासणी, मग पॅकेज

पुणे

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, निपाणीच्या स्टँडवर हातात मिळालेल्या त्या पत्रकाबद्दल तुम्ही फोनवर विचारलेत, त्याचे उत्तर नीट द्यावे म्हणून हे पत्र लिहिते आहे. 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या त्या पॅकेजात रक्ताच्या कितीतरी चाचण्या आहेत, पण तुमच्या तोंडात कोणी डोकावून पाहील असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. ज्या माणसाने तंबाखूच्या वखारीत उभा जन्म काढला आणि ज्याचे अजूनही जेवणानंतर चुना चोळल्याशिवाय चालत नाही, त्याची पहिली तपासणी तोंडाचीच व्हायला हवी, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

तीस वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग या पाच गोष्टींची तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत होते. सुरुवात आशाताईंच्या फॉर्मने होते. वय, व्यसन, दारू, कमरेचा घेर, हालचाल आणि घराण्यातले आजार विचारून त्या गुण देतात, आणि चारपेक्षा जास्त गुण आलेल्यांना तपासणीसाठी आधी बोलावले जाते. म्हणून त्यांनी विचारल्यावर 'कधीतरी खातो' असे मोघम सांगू नका. 1981 च्या निपाणीच्या आंदोलनात तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसाने आशाताईंपुढे पुडी लपवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तोवर घरच्या घरी एक गोष्ट करता येईल. सकाळच्या उजेडात आरशासमोर उभे राहून चूळ भरा, हात स्वच्छ धुवा आणि तंबाखू ज्या बाजूला धरता तो गाल बोटाने बाहेर ओढून आतून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा खरखरीत झालेली त्वचा दिसली, तर थांबू नका. तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का तेही पाहा. जात नसतील तर तोंड आखडू लागले असण्याची शक्यता असते. यातले बरेचसे सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे 'मला काही त्रास नाही' हे तुमचे नेहमीचे उत्तर इथे लागू पडत नाही.

आई, तुझे काम थोडे निराळे आहे. गर्भाशयमुखाच्या तपासणीत सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून भाग पांढरा पडतो का ते पाहतात. काही मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी भूल लागत नाही. कर्करोगाच्या या तपासण्या दर पाच वर्षांनी आणि रक्तदाब व साखर दर वर्षी, असा कार्यक्रमाचा नेम आहे. तुझा रक्तदाब मागे औषधाच्या दुकानात मोजला होता, तो मी धरत नाही. 140/90 किंवा त्यावर आकडा आला, तर पुन्हा मोजून घ्यायचा आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच गोळी सुरू करायची. शेजारच्या काकूंची गोळी अर्धी करून नव्हे.

शिबिरात मोजायचे आणि कागद देवघराच्या फळीवर ठेवायचा, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. पुढे पाठवले तर जायलाच हवे. बेळगावला सरकारी जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, आहे. तुम्हाला कोल्हापूर जवळ पडते हे मी जाणते, पण आपले रेशनकार्ड कर्नाटकाचे आहे. त्यामुळे आयुष्मान भारतचे कार्ड तिथल्या ठरावीक रुग्णालयात चालेल का, हे भरती होण्यापूर्वी 14555 वर विचारावे. बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कर्नाटकात एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या कार्डधारकाला पॅकेजच्या दराच्या 30 टक्के आणि तेही दीड लाखांपर्यंत मिळतात, म्हणून कार्ड कोणते आहे ते आधी पाहा.

फोनबद्दल एक सांगते. 104 हा आरोग्याचा क्रमांक कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही, आणि मी पुण्यातून लावून तुमचे काम होणार नाही. सीमेवर मोबाइल पलीकडचा टॉवर पकडू शकतो, म्हणून फोन उचलल्यावर आधी 'कर्नाटकाची सेवा आहे ना?' असे विचारा आणि मराठी बोलणारे कोणी आहे का ते पाहा. रात्री आईला झोप लागत नाही, जीव घाबरतो, तेव्हा 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. तिथे आधी भाषा निवडता येते. ज्येष्ठांच्या पेन्शनच्या किंवा मानसिक आधाराच्या प्रश्नांसाठी 14567 आहे, पण तो सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच चालतो. छातीत दुखले, तोंड वाकडे झाले किंवा हात-पाय लुळा पडला, तर यातला एकही न लावता थेट 108.

तंबाखू सोडण्यासाठीचा 1800-11-2356 हा क्रमांक तुम्हाला शोधावा लागणार नाही. 2018 पासून तो पाकिटांवरच छापलेला असतो, तुमच्या खिशातल्या पाकिटावरही सापडेल.

येत्या आठवड्यात आशाताईंना घरी बोलवा आणि तुम्हा दोघांचे फॉर्म एकाच दिवशी भरून घ्या. आईला एकटीने जायला संकोच वाटत असेल, तर शेजारच्या काकूंना सोबत न्यावे. त्यांचीही तपासणी राहिलेलीच आहे.

तुमची लाडकी लेक