कॅमेरे वाढवण्याआधी प्रश्न सुधारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन परीक्षांविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : मुले कॉपी करतात, म्हणून पाळत वाढवा. एकाऐवजी दोन कॅमेरे लावा, पेपरआधी खोली दाखवायला सांगा, नजर पडद्यावरून हलली की पेपर बंद करा. मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. पेपर काढणे, तपासणे आणि निकालानंतरच्या तक्रारी निस्तरणे हे माझे दर सत्राचे काम आहे. या साऱ्या चर्चेत प्रश्नपत्रिकेबद्दल कुणी अवाक्षरही काढलेले नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी पाळतीचेच गणित मांडून पाहू. समजा, १००० विद्यार्थी घरून परीक्षा देत आहेत आणि त्यांतले २० जण खरोखर कॉपी करत आहेत. पाळत ठेवणारी प्रणाली उत्तम आहे असे धरू. कॉपी करणाऱ्या दर शंभरांतल्या ९० जणांना ती पकडते आणि प्रामाणिक शंभरांतल्या फक्त ५ जणांवर चुकून संशय घेते. म्हणजे २० पैकी १८ सापडले. पण उरलेल्या ९८० प्रामाणिक मुलांपैकी ४९ जणांच्या नावापुढेही लाल खूण उमटली. संशयितांच्या यादीत ६७ नावे आणि त्यांतली ४९ निरपराध. बेझचे प्रमेय शिकवताना मी असेच गणित फळ्यावर मांडते, आणि विद्यार्थ्यांचा प्रत्येक वेळी या उत्तरावर विश्वास बसत नाही. ते पुन्हा आकडेमोड करून पाहतात. उत्तर तेच येते, कारण बहुतांश मुले प्रामाणिक असली की थोड्या टक्क्यांची चूकही मोठ्या संख्येवर पसरते.

हे ४९ जण कोण असतात? विचार करताना छताकडे पाहणारी मुले. प्रश्न पुटपुटत वाचणारी मुले. एकाच खोलीत भावंडांसोबत बसलेली मुले. नेटवर्क तुटल्यामुळे काही क्षण पडद्यावरून नाहीशी झालेली मुले. शिवाय चेहरा पाहून निर्णय घेणारी यंत्रे सगळ्या चेहऱ्यांना सारखा न्याय देत नाहीत. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत होती, तर सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. पाळतीच्या प्रणालीचे काम वेगळे असेल, पण तीही चेहराच वाचते. ती विकत घेताना हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. खोली दाखवण्याच्या सक्तीबद्दल तर अमेरिकेत न्यायालयाचा निकालच आहे. ओहायोतील एका सरकारी विद्यापीठाने परीक्षेआधी विद्यार्थ्याला कॅमेरा खोलीभर फिरवायला लावला. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या संघीय न्यायाधीशांनी ही अवाजवी झडती असल्याचे ठरवले.

पर्यवेक्षण नकोच, असे माझे म्हणणे नाही. ज्या गुणांवर पदवी ठरते ती परीक्षा विद्यापीठाच्या संगणक कक्षात, समोर माणूस पर्यवेक्षक असताना घ्यावी. परीक्षेपुरते संगणकावरचे बाकी सगळे बंद करणारे ‘सेफ एक्झाम ब्राउझर’ नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात घडले आहे, ते वापरता येते. मात्र घरी बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या हालचाली मोजण्यावर जो पैसा आणि जी शक्ती खर्च होते, ती प्रश्न लिहिण्याकडे वळवा, एवढेच मी कळकळीने सांगते आहे.

कारण कॉपी करायला सोपा असतो तो प्रश्नच. ‘मध्य, मध्यक आणि बहुलक यांच्या व्याख्या लिहा’ असे विचारले तर उत्तर फोनवर दोन सेकंदांत मिळते, आणि ज्याने ते घोकून लिहिले त्यालाही त्यातले काही कळले आहे असे सिद्ध होत नाही. हाच घटक वेगळ्या तऱ्हेने विचारता येतो. प्रत्येकाला वेगळी आकडेवारी द्यावी, तिच्यात दोनतीन टोकाची मूल्ये पेरावीत, आणि इथे कोणती सरासरी वापराल व का, ते लिहायला सांगावे. वेगळी आकडेवारी प्रत्येकासाठी हाताने तयार करायला नको. आमच्या विषयात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या संगणकभाषेत ‘आर-एक्झाम्स’ नावाचे मोफत पॅकेज आहे. त्यात प्रश्नाचा साचा एकदा लिहिला की त्याच्या हव्या तितक्या आवृत्त्या निघतात, कागदावर छापण्यासाठीही आणि ‘मूडल’ या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर चढवण्यासाठीही. शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेतले तर ते चुकीचेच ठरते. मुलांनी एकमेकांना पद्धत समजावून सांगितली तर सराव चाचणीत मला ते हवेच आहे.

गणिताच्या शिक्षकांसाठी ‘स्टॅक’ ही गणिताची उत्तरे तपासणारी संगणकप्रणाली आहे. ख्रिस सँगविन यांनी २००४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात त्याची सुरुवात केली आणि आता ते मूडलमध्ये जोडता येते. विद्यार्थी पर्याय निवडत नाही, उत्तर स्वतः लिहितो. त्यामागे ‘मॅक्सिमा’ ही बीजगणित करणारी प्रणाली चालते. त्यामुळे एकाने (क्ष + १)² लिहिले आणि दुसऱ्याने क्ष² + २क्ष + १ लिहिले, तरी दोन्ही उत्तरे एकच आहेत हे तिला समजते. संकलनाच्या (इंटिग्रेशनच्या) उत्तरात स्थिरांक लिहायचा राहिला, तर तो राहिला असे ती सांगते, सगळे उत्तर शून्यात काढत नाही. वर्ग लहान असेल तर हे शिक्षकही करू शकतो. दोनतीनशे मुलांच्या वर्गात दर आठवड्याला प्रत्येकाची नेमकी चूक दाखवणे कोणत्याही शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तंत्रज्ञानाची खरी गरज तिथे आहे.

बहुपर्यायी प्रश्न म्हणजे घोकंपट्टी, हा समजही मला मान्य नाही. ते वाईट लिहिले जातात, एवढेच. एक उदाहरण देते. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ ही आठच मूल्ये म्हणजे संपूर्ण समष्टी (नमुना नव्हे, पूर्ण गट) आहे, तर प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसरणीचे माप, किती? बरोबर उत्तर २. आता चुकीचे पर्याय कोणते ठेवायचे? ११, १७, २३ ठेवले तर ते कुणीच निवडणार नाही आणि मला काहीच कळणार नाही. त्याऐवजी ४ ठेवावा, कारण वर्गमूळ घ्यायचे विसरलेल्याचे उत्तर ४ येते. २.१४ ठेवावा, कारण आठाऐवजी साताने भागणाऱ्याचे उत्तर ते येते. १.५ ठेवावा, कारण वर्ग न करता सरासरीपासूनच्या नुसत्या केवल (चिन्ह सोडून घेतलेल्या) विचलनांची सरासरी काढणाऱ्याचे उत्तर ते येते. असा प्रश्न विचारला की वर्गातला प्रत्येक जण नेमका कुठे अडला आहे ते त्याच संध्याकाळी कळते, आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाला काय शिकवायचे तेही. पर्यायाखाली एक ओळ आधीच लिहून ठेवली तर विद्यार्थ्याला उत्तर दिल्या क्षणी आपली चूक दिसते. असा एक प्रश्न तयार करायला मात्र वेळ लागतो. मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिका चाळाव्या लागतात, त्यांच्या चुका आठवाव्या लागतात. प्राध्यापकांच्या कामाच्या हिशेबात या वेळेला कुठेच जागा नाही. व्याख्यानाचे तास मोजले जातात, शोधनिबंध मोजले जातात, प्रश्नपेढीसाठी दिलेला वेळ मोजला जात नाही. मग आयत्या वेळी जुने प्रश्न उचलून पेपर तयार होतो आणि तो फुटणार म्हणून कॅमेरे लावले जातात.

छोट्या चाचण्या वरचेवर घेण्याबद्दल पालक नाराज असतात. मुलांवर ताण येतो, असे ते म्हणतात. ताण गुणांचा असतो. दर आठवड्याची चाचणी नगण्य गुणांची ठेवा आणि पुन्हा पुन्हा द्यायची मुभा ठेवा, मग ती अभ्यासाचीच एक रीत होते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र पालटले. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पेपरच्या आदल्या रात्री पुस्तक चाळणाऱ्या मुलाला सगळे येते आहे असे का वाटते आणि महिन्याभराने त्यातले काहीच का उरत नाही, ते यातून समजते.

परीक्षा झाल्यावर काय होते, त्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण डिजिटल परीक्षेचा सर्वांत मोठा लाभ तिथे आहे आणि तोच आपण घेत नाही. संगणकावरच्या परीक्षेत कोणी कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले याची नोंद आपोआप होते. तिच्यावरून प्रश्नाचीच परीक्षा घेता येते. पद्धत जुनी आहे. ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवल्याप्रमाणे एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी घ्यायचे. २०० जणांच्या वर्गात हे दोन्ही गट ५४ जणांचे होतात. समजा, एका प्रश्नाचे उत्तर वरच्या गटातल्या ४० जणांनी आणि खालच्या गटातल्या १५ जणांनी बरोबर दिले. फरक २५, त्याला ५४ ने भागले की ०.४६. हा प्रश्न चांगला, कारण ज्याला विषय येतो त्यालाच तो सुटतो. आता दुसऱ्या प्रश्नात वरच्या गटातले १२ आणि खालच्या गटातले २० बरोबर आले. हुशार मुले चुकली आणि कच्ची बरोबर आली. याचा अर्थ बहुधा उत्तरसूची चुकली आहे किंवा प्रश्नाची भाषा दुहेरी अर्थाची आहे. असा प्रश्न निकालाआधी तपासून, दोष आढळला तर रद्द करता येतो. हे गणित करायला सॉफ्टवेअरला क्षणभर पुरतो. तरीही निकाल तसाच लागतो, मुले फेरतपासणीचे अर्ज करतात, आणि दोष प्रश्नात होता हे कुणालाच कळत नाही.

लांबलचक उत्तरे, सिद्धता, आकृत्या यांसाठी मात्र कागद आणि पेन राहू द्यावे. गणिताची चिन्हे कीबोर्डवर टंकायला लावणे म्हणजे विषयाऐवजी टंकलेखनाची परीक्षा घेणे. कागदावरची उत्तरे स्कॅन करून पडद्यावर तपासता येतात. एकाच प्रश्नाची सगळी उत्तरे एकाच परीक्षकाकडे, नावाशिवाय, सलग आली की पहिले उत्तर आवडले म्हणून पुढच्या उत्तरांना झुकते माप मिळणे कमी होते. मात्र स्कॅन केलेले प्रत्येक पान नीट आले आहे ना, हे माणसाने पाहिल्याशिवाय तपासणी सुरू करू नये आणि वेळापत्रकात त्या कामाचे दिवस आधीच धरावेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या साधनांवरही विद्यार्थ्याचे भवितव्य ठरवू नये. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असे साधन आणले होते. कंपनीच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर त्याने यंत्राचा शिक्का मारला. त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेतले गेले. संशय वाटला तर विद्यार्थ्याला बोलावून त्याच्याच निबंधावर दहा मिनिटे बोलावे. लिहिणाऱ्याला आपण काय लिहिले ते सांगता येते.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विचार तर अगदी शेवटी होतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. पण पेपरातले सूत्र चित्र म्हणून चिकटवले असेल तर ते काहीच वाचत नाही आणि मुलाला फक्त ‘चित्र’ एवढेच ऐकू येते. सूत्रे मॅथएमएल या संगणकावर गणित लिहिण्याच्या पद्धतीने लिहिली तर ती वाचता येतात. ही काळजी प्रश्न लिहितानाच घ्यावी लागते. पेपर सुरू झाल्यावर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

शेवटी कंत्राटाबद्दल. परीक्षेची प्रणाली बाहेरच्या कंपनीकडून घेतली जाते तेव्हा प्रश्न आणि उत्तरांच्या नोंदी बहुधा तिच्या सर्व्हरवर राहतात. विद्यापीठांनी निविदेतच तीन अटी लिहाव्यात. प्रत्येक परीक्षेनंतर उत्तरांच्या सर्व नोंदी विभागाच्या हाती द्याव्यात. प्रश्नपेढी क्यूटीआय या, एका प्रणालीतून दुसरीत प्रश्न नेता येणाऱ्या खुल्या स्वरूपात परत मिळावी, म्हणजे उद्या कंपनी बदलली तरी वर्षांची मेहनत अडकून पडणार नाही. आणि प्रणालीने दाखवलेल्या संशयावरून माणसाने चौकशी केल्याशिवाय कुणाचाही निकाल रोखू नये. करारावर सही झाल्यानंतर यांतली एकही गोष्ट मागून मिळत नाही, म्हणून विद्या परिषदेच्या सदस्यांनी ती आजच मागावी.

आपली,
संख्याशास्त्राची एक प्राध्यापिका